हिमनदीच्या पोटातली दुसरी नदी

चंदनाचं खोड कोरड्या सहाणेवर कितीही घासलं तरी गंध निघत नाही. थोडा भुगा पडतो, तोच खोड आणि दगड यांच्यामध्ये अडकतो आणि घासणं बोथट होतं. चार थेंब पाणी टाकलं की काम सुरू होतं. पाण्यामुळे खोड सरकतं, भुग्याचा लेप होतो, तो लेप कडेला जातो आणि खालचा दगड पुन्हा उघडा पडतो. वस्तऱ्याला धार लावणारा न्हावीही दगडावर आधी पाणी टाकतो, ते याचसाठी.

हिमनदी डोंगर कसा झिजवते, हे आज सांगायचं आहे आणि त्यासाठी ही सहाण डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच हा धडा घोकला आहे. हिमनदी खडक खरवडते, इंग्रजी 'यू' अक्षरासारखी दरी तयार होते, आकृती काढा, पाच गुण. त्या आकृतीत बर्फ असायचा, खडक असायचा. पाणी मात्र कुठेच दाखवलेलं नसायचं.

बर्फ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, हिम संस्कृतातून. दोन्हींना आम्ही कवी मंडळी एकाच कामाला जुंपत आलो आहोत. काही थिजलं, गोठलं, मुकं झालं की आमच्या ओळीत बर्फ येतो. पण 'हिमनदी' हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याने त्यात नदी घातली, हे फार चांगलं केलं. हिमनदी वाहते. बहुतेक हिमनद्या वर्षाला काही मीटर ते काही शे मीटर पुढे सरकतात. आणि जगातल्या पुष्कळशा हिमनद्यांच्या तळाशी आणखी एक नदी असते, खऱ्याखुऱ्या पाण्याची. डोंगर कापण्याच्या कामात या खालच्या नदीचा वाटा किती मोठा आहे, हे गेल्या पन्नासएक वर्षांत हळूहळू उलगडत गेलं.

पहिली अडचण अगदी साधी आहे. बर्फ मऊ असतो. वितळण्याच्या बेतात असलेल्या बर्फावर नखानेही ओरखडा उमटतो. ग्रॅनाइट किंवा आपला काळा बसाल्ट त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. मग मऊ वस्तू कठीण वस्तूला कापते कशी?

ओरखडे होते, ही गोष्ट मात्र आधी डोंगरातल्या माणसांनाच दिसली. स्वित्झर्लंडमधल्या बान्य खोऱ्यात ज्याँ-पिएर पेरोदाँ नावाचा एक शिकारी होता. रानबकऱ्यांच्या मागे डोंगर पालथे घालणारा माणूस. हिमनदीपासून कितीतरी दूर, खाली दरीत, कठीण खडकांवर त्याला लांबच लांब रेघा दिसत. सगळ्या दरीच्या दिशेने गेलेल्या. तशाच रेघा हिमनदीच्या कडेलाही दिसत. त्याने सरळ अर्थ लावला की, एके काळी हिमनदी इथपर्यंत होती. 1815 साली मिठाच्या खाणींचा संचालक ज्याँ द शार्पांतिए त्याच्या झोपडीत रात्रीपुरता उतरला, तेव्हा पेरोदाँने त्याला हे सांगितलं. पाहुण्याला ती कल्पना फारच अचाट वाटली आणि त्याने ती मनावर घेतली नाही. पुढे इग्नाझ वेनेट्झ या अभियंत्याने तेच म्हणणं उचलून धरलं, तेव्हा शार्पांतिएने पुन्हा डोंगर पाहिले आणि त्याला ते पटलं. शार्पांतिएकडून ते लुई अगासीपर्यंत पोहोचलं. अगासीचा हिमनद्यांवरचा ग्रंथ 1840 साली निघाला आणि हिमयुगाची कल्पना जगभर गेली. विज्ञानाच्या इतिहासात अगासीचं नाव मोठ्या अक्षरात असतं. माझ्या मते त्या पानावर शिकाऱ्याचं नाव थोडं अधिक ठळक असायला हरकत नव्हती.

रेघा कोणी ओढल्या, याचं उत्तर लवकरच मिळालं. बर्फात रुतून बसलेल्या दगडांनी. हिमनदी वाटेतले दगडगोटे, वाळू, माती पोटात घेते. तळाच्या बर्फात घट्ट बसलेला प्रत्येक खडा हा कानशीचा एक दात होतो. बर्फ म्हणजे मूठ, दगड म्हणजे हत्यार. मोठ्या खड्याने खोल चर पडतात, बारीक वाळूने खडकाला तकाकी येते. काही ठिकाणी ही तकाकी इतकी असते की उन्हात खडक आरशासारखा चमकतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण यापुढचा प्रश्न चलाख आहे. त्या खड्याला खडकावर दाबतं कोण? आपण चटकन म्हणू, वरच्या बर्फाचं वजन. शंभर मीटर जाडीच्या बर्फाचं वजन तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे नव्वद टन पडतं. एवढ्या ओझ्याखाली खडा रुतणारच. पण विहिरीच्या तळाशी बुडी मारणाऱ्याचा विचार करा. त्याच्या डोक्यावर पाण्याचा केवढा तरी स्तंभ असतो, तरी तो तळाला चिकटून बसत नाही, कारण पाणी त्याला सगळ्या बाजूंनी सारखंच दाबतं. बर्फही सावकाश का होईना, पण वाहणारा पदार्थ आहे. तो खड्याच्या भोवतीने, अगदी खालूनही शिरतो. मग वजनाचा दाब चहूबाजूंनी येतो आणि एकमेकांना खोडतो. 1979 साली बर्नार्ड हॅलेट या शास्त्रज्ञाने मांडलं की खडा खडकावर किती जोराने टेकेल, हे मुख्यतः बर्फ तळाकडे किती वेगाने येतो यावर ठरतं. आणि बर्फ तळाकडे येतो, कारण तळाचा बर्फ सतत वितळत असतो. खाली थर वितळला की वरचा थर त्याची जागा घ्यायला उतरतो आणि सोबत खड्याला खाली रेटतो. जिथे खडे दाट असतात तिथे वजनाचाही हिशेब शिरतो, त्यावरचे वाद अजून चालू आहेत. पण खरवडण्याच्या कामातही वितळणं आलं, पाणी आलं, हे ध्यानात घ्या.

एवढ्या थंडीत तळाशी पाणी येतं कुठून? तीन वाटांनी. एक, पृथ्वीच्या पोटातली ऊब. ती थोडीच असते, पण वरचा जाड बर्फ गोधडीसारखा असल्यामुळे ती निसटत नाही. दुसरी वाट म्हणजे घर्षण. तिसरी सर्वांत मोठी, उन्हाळ्यात वरच्या पृष्ठावर वितळलेलं पाणी. ते बर्फावरून ओढ्यासारखं वाहतं आणि एखाद्या भेगेत किंवा उभ्या विवरात कोसळून थेट तळाशी जातं. अशा विवराला फ्रेंच लोक 'मूलँ' म्हणतात, म्हणजे चक्की. कान लावला तर आतून गिरणीसारखा घरघराट येतो म्हणून. शिवाय दाबाखाली बर्फ शून्याच्या जरा खालच्या तापमानालाच वितळतो. हजार मीटर बर्फाखाली हा फरक अर्ध्या ते एक अंशाच्या दरम्यान असतो. ऐकायला किरकोळ, पण पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरच तळ ओला राहतो की गोठतो, हे ठरतं.

तळ गोठलेला असेल तर काय होतं, याचा फार सुंदर पुरावा कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर मिळाला आहे. तिथल्या पठारांवर बर्फाच्या पातळ टोप्या आहेत आणि त्या आता आकसत चालल्या आहेत. बर्फाची कड मागे हटते, तेव्हा खालून शेवाळ बाहेर येतं. मेलेलं, पण जागच्या जागी उभं, जसं वाढलं होतं तसंच. त्याचं वय मोजलं तेव्हा काही ठिकाणचं शेवाळ चाळीस हजार वर्षांहून जुनं निघालं. इतकी वर्षं बर्फ त्याच्या डोक्यावर होता आणि त्याला साधं शेवाळही उपटता आलं नाही. खडक तर दूरच. कारण तिथला बर्फ तळाच्या जमिनीला गोठून चिकटलेला होता. तो सरकलाच नाही. झाकून ठेवणारा, जपणारा बर्फ हा असा.

पाणी आलं की सगळं बदलतं. तळाच्या पाण्याचा दाब वाढला की ते हिमनदीला थोडं उचलून धरतं, घर्षण कमी होतं, वेग वाढतो. ग्रीनलंडच्या प्रचंड हिमस्तराबद्दल 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं की उन्हाळ्यात वरचं पाणी तळाशी पोहोचतं, तेव्हा शेकडो मीटर जाडीचा बर्फदेखील अधिक वेगाने सरकू लागतो. मात्र पाणी जितकं जास्त तितका वेग जास्त, असं सरळ गणित नाही. पाण्याने एकदा आपली मोठी वाट कोरली की ते सहज निघून जातं, दाब उतरतो आणि हिमनदी पुन्हा मंदावते. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीचा धक्का अनेकदा ऐन उन्हाळ्यापेक्षा मोठा असतो.

खरवडणं ही झाली कारागिरी. खरी तोडफोड वेगळीच आहे. हिमनदी खडकाचे मोठे तुकडे उपटून काढते, आणि खणण्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी या उपटण्याचाच असतो, असं आता पुष्कळ अभ्यासक मानतात. हे समजून घ्यायला पाथरवटाकडे जावं. पाथरवट सबंध कातळाशी झुंजत नाही. तो भेग शोधतो आणि तिथे पाचर ठोकतो. हिमनदीच्या तळाशी पाचरेचं काम पाणी करतं.

कल्पना करा की तळाच्या खडकात एक पायरी आहे. बर्फ तिच्यावरून पुढे जातो, पण त्याला लगेच खाली वाकता येत नाही. पायरीच्या आडोशाला एक पोकळी उरते आणि तिच्यात पाणी भरतं. जोवर पाण्याचा दाब चढा आहे तोवर ते बर्फाचं ओझं आपल्या अंगावर पेलून धरतं. मग रात्री थंडी पडते, वितळणं थांबतं, दाब एकदम उतरतो. आता पेलणारं कोणी नाही. सगळं ओझं पायरीच्या कडेवर येतं. खडकातल्या बारीक भेगांत अडकलेलं पाणी मात्र तितक्या लवकर बाहेर पडत नाही. भेगेच्या आत दाब जास्त, बाहेरच्या पोकळीत कमी. भेग आतून रेटली जाते, थोडी वाढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा पाणी, पुन्हा रात्र. असं करता करता एक दिवस तुकडा सुटतो, आणि बर्फ तो घेऊन चालू लागतो. तोच तुकडा पुढच्या खडकासाठी कानशीचा दात.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. नॉर्वेत स्वार्टिसेन इथे जलविद्युत प्रकल्पासाठी हिमनदीखालच्या खडकात बोगदे खोदले आहेत. त्यांचा उपयोग करून 1992 साली एंगाब्रेन या हिमनदीच्या खाली, सुमारे दोनशे मीटर बर्फाच्या तळाशी, प्रयोगशाळा सुरू झाली. माणसं बोगद्यातून चालत हिमनदीच्या पायाशी जातात आणि गरम पाण्याचा फवारा मारून बर्फात गुहा वितळवतात. बर्फ सावकाश वाहत येऊन ती गुहा पुन्हा मिटवू लागतो, म्हणून काम घाईने उरकावं लागतं. अशाच एका प्रयोगात ग्रॅनाइटची छोटी पायरी, तिच्यात आधीच एक भेग पाडून, हिमनदीच्या तळाशी बसवली होती. आजूबाजूला पाणी सोडून पोकळी तयार केली आणि भेग वाढताना होणारे बारीक आवाज टिपणारी यंत्रं लावली. पाण्याचा दाब उतरवला की भेग वाढत होती. हा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. मला यात आवडतो तो आवाज. दोनशे मीटर बर्फाखाली खडक तडकतो आहे आणि कोणीतरी कान लावून बसलं आहे.

हिमनदी निघून गेल्यावर या दोन्ही कामांच्या खुणा एकाच खडकावर शेजारीशेजारी राहतात. बर्फ जिकडून आला ती बाजू गुळगुळीत, उताराची. जिकडे गेला ती बाजू खडबडीत, तुटलेली. अशा टेकाडांना फ्रेंचमध्ये 'रोश मूतोने' म्हणतात. मेंढरं बसल्यासारखी दिसतात म्हणून हे नाव, असं पुष्कळ पुस्तकांत असतं. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव देणाऱ्या सोस्यूरच्या मनात, म्हणतात, त्या काळचे केसांचे टोप होते, मेंढीच्या चरबीने चापून बसवलेले. काही असो, तुटकी बाजू कोणती हे पाहिलं की हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ कुठून कुठे गेला, हे कुणालाही सांगता येतं.

आता खालच्या नदीकडे वळू. ती फक्त वंगण आणि पाचर नाही, ती स्वतःही कोरते. लुसर्न शहरात याचं एक प्रसिद्ध ठिकाण आहे. 1872 साली तिथल्या आमराइन-ट्रोलर नावाच्या गृहस्थाने द्राक्षमद्याचं तळघर करायला जागा घेतली आणि खोदकाम सुरू केलं. खाली निघाले खडकात कोरलेले प्रचंड खड्डे. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद, म्हणजे एखादी तीनमजली इमारत मावेल असा. तळघर बाजूला राहिलं, जागेची 'हिमनदी बाग' झाली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी रॉइस हिमनदी त्या जागेवर पसरलेली होती.

असे खड्डे आपल्याकडेही आहेत आणि त्यांना मराठीत फार नेमका शब्द आहे, रांजणखळगे. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात ते पाहायला लोक जातात. तिथे हिमनदीचा काही संबंध नाही. भोवऱ्यात सापडलेली वाळू आणि गोटे यांनी बसाल्ट कोरला आहे. लुसर्नलाही कोरणारा भोवराच, फरक एवढाच की त्या पाण्याच्या डोक्यावर बर्फाचा डोंगर होता. उघड्या नदीचं पाणी उतारावरून धावतं. हिमनदीखालचं पाणी बंद नळात कोंडल्यासारखं, दाबाखाली धावतं आणि बरोबर वाळू घेऊन धावतं. पूर्वी समजूत अशी होती की वरून विवरातून पडणारा धबधबा एकाच जागी आपटत राहतो आणि खड्डा खोदतो. पण विवर बर्फाबरोबर पुढे सरकतं, ते एका जागी थांबणार कसं? म्हणून आता तळाशी धावणाऱ्या, गाळाने भरलेल्या पाण्यातल्या भोवऱ्यांना हे श्रेय दिलं जातं. खड्ड्याच्या बुडाशी सापडणारा गोल गरगरीत दगड सगळ्यांना हत्यार वाटतो. खरं काम बरंचसं वाळूने केलेलं असतं. दगड तिथे फिरता फिरता स्वतःच गोल होतो.

या कोंडलेल्या पाण्याची आणखी एक तऱ्हा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते चढावर वाहू शकतं. त्याची दिशा ठरते ती वरच्या बर्फाच्या दाबाने. जिकडे बर्फ पातळ, तिकडे पाणी जातं. बर्फाच्या पृष्ठाचा उतार तळाच्या उतारापेक्षा साधारण अकरापट प्रभावी ठरतो. म्हणून हिमनदी आपल्या वाटेत खोल खड्डा खणू शकते आणि त्या खड्ड्यातला चुरा पाणी चढ चढून बाहेर नेऊन टाकतं. साध्या नदीला समुद्राच्या पातळीखाली शेकडो मीटर खोल दरी खणता येत नाही. नॉर्वेतलं सोग्न फियॉर्ड 1,308 मीटर खोल आहे, आणि समुद्राला मिळतं तिथे मात्र ते कितीतरी उथळ आहे. आत खोल, तोंडाशी उथळ, हा हिमनदीचा हस्ताक्षरासारखा ठसा. खड्डा फार खोल झाला, चढ फार उभा झाला, की पाण्यालाही चुरा वर नेणं जमेनासं होतं. मग तो तळाशी साचतो, खडक झाकला जातो आणि कोरणं मंदावतं. सहाणेवरचा लेप काढायचा राहिला, तर हेच होणार.

हे सगळं किती वेगाने चालतं? 1996 साली हॅलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या मोजण्या एकत्र केल्या. ध्रुवप्रदेशातल्या गोठलेल्या तळाच्या हिमनद्या वर्षाला मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग झिजवतात. नॉर्वेच्या कठीण खडकांवर दहावा भाग. आल्प्समधल्या छोट्या, ओल्या तळाच्या हिमनद्या एक मिलिमीटरच्या आसपास. आग्नेय अलास्कातल्या मोठ्या, वेगवान हिमनद्या दहा मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक. अलास्काचे आकडे हिमनद्या झपाट्याने मागे हटत असतानाचे आहेत, ते लाखो वर्षांना गुणायचे नाहीत. पण आल्प्सचा एक मिलिमीटर घेतला, तरी लाख वर्षांत शंभर मीटर होतात. आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत फरक हजारपट. बर्फ सगळीकडे बर्फच आहे. या फरकात मोठा हात तळाच्या पाण्याचा.

झिजलेला खडक जातो कुठे? पिठासारखा बारीक होऊन पाण्यातून. ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि पाण्याला दुधी, राखाडी रंग देतं. गोमुखापाशी गंगोत्री हिमनदीच्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते, तेव्हा तिचा रंग असाच असतो. आपल्याकडून तिथे जाणारे यात्रेकरू ते गढूळ पाणी पाहून जरा हिरमुसतात, असं ऐकतो. खरं तर ते गंगोत्रीच्या पोटातल्या नदीचं पाणी आहे, आणि तो रंग म्हणजे उगाळलेला हिमालय. असं पाणी एखाद्या तळ्यात स्थिरावलं की जड कण खाली बसतात, अगदी बारीक कण वर राहतात आणि त्यांच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशाने पाणी फिरोजी निळं दिसू लागतं. कॅनडातलं लुईस सरोवर किंवा न्यूझीलंडचं पुकाकी यांच्या चित्रांतला रंग हाच.

या पिठाला दुसरी, कमी काव्यमय बाजू आहे. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे धारदार कण असतात. जलविद्युत केंद्राच्या चक्रांवर असं पाणी वेगाने आदळलं की तेच खरवडणं पोलादावर सुरू होतं. हिमाचल प्रदेशात सतलजवरच्या 1,500 मेगावॉटच्या नाथपा झाकडी प्रकल्पाला हे चांगलंच भोगावं लागलं. चक्रांची पाती झिजली, त्यांच्यावर कठीण धातुसंयुगाचा लेप द्यावा लागला, आणि गाळ मर्यादेबाहेर गेला की संच बंद ठेवावे लागले. सतलजचा सगळा गाळ हिमनद्यांचाच असतो असं नाही. पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडींचाही त्यात मोठा भाग आहे. पण हिमालयात वीजघर बांधताना नदीत पाणी किती, याइतकाच पाण्यात दगड किती, हा हिशेब करावा लागतो.

हिमनदीने खणलेले खड्डेही आता हिशेबात आले आहेत. बर्फ मागे हटतो तसे ते पाण्याने भरतात आणि पुढच्या बाजूला हिमनदीनेच आणून टाकलेल्या दगडमातीचा कच्चा बांध असतो. ऑक्टोबर 2023मध्ये सिक्कीममधल्या साउथ ल्होनाक सरोवरात काठाचा मोठा भाग कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि तिस्तेच्या खोऱ्यात महापूर आला. चुंगथांगचं धरण वाहून गेलं, अनेक माणसं गेली. हिमालयात अशी सरोवरं वाढत आहेत. बर्फाखालचा खडक कुठे किती खोल खणला गेला आहे, हे आधी कळलं तर पुढचं सरोवर कुठे तयार होईल, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून आता हिमनद्यांच्या तळाचे नकाशे तयार करण्याची धडपड चालू आहे.

हिमालय महाराष्ट्रापासून दूर आहे. पण हिमनदीचे ओरखडे पाहायला तेवढं दूर जायची गरज नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेकाठी इरई नावाची जागा आहे. चंद्रपूरशेजारून इरई नावाची नदी वाहते, ती वेगळी. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन नावाच्या अधिकाऱ्याला जुन्या चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या. 1875 साली त्याने ते प्रसिद्ध केलं. त्या खडकावर दगडगोट्यांचा एक थर होता, लहानमोठे गोटे बारीक मातीत विस्कटून रुतलेले. तसाच थर ओरिसातल्या तलचीर इथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी आधी पाहिला होता आणि 1856 साली तो बर्फाने आणून टाकला असावा, असं सुचवलं होतं. नदी दगड वेचून, निवडून टाकते. बर्फ निवडत नाही, सगळं एकत्र आणून ओततो. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फ कुठून आला, या प्रश्नाने तेव्हा भल्याभल्यांना चक्रावून टाकलं. तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताची भूमी गोंडवन या महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही त्याच काळातले तसेच ओरखडे सापडतात, आणि खंडं एके काळी जोडलेली होती या म्हणण्याला त्यांचा मोठा आधार मिळाला.

पुढे तो बर्फ वितळला. त्याने टाकलेल्या गोट्यांवर आणि मातीवर नद्या वाहिल्या, दलदली झाल्या, रानं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतून निघतो तो हाच. कोळसा शोधण्यासाठी जमिनीला भोक पाडणाऱ्यांना अजूनही खाली जाता जाता तलचीरचा तो हिरवट थर आणि त्यातले गोटे लागतात. तिथे ते यंत्र थांबवतात, कारण त्याच्या खाली कोळसा नसतो.